चळवळीतल्या कवीचं पहिलं पुस्तक होईपर्यंत

मोर्चात म्हटलेली कविता एका रात्रीत हजारो मोबाइलवर पोचते आणि चार दिवसांत तिच्याखालचं कवीचं नाव गळून पडतं. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हे सर्रास होतं. म्हणून मंचावर ओळख मिळू लागली, की त्याच वर्षी छपाईच्या वाटेलाही लागावं. नामदेव ढसाळांचं १९७२ साल सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वर्षी दलित पँथर ही संघटना, त्याच वर्षी ‘गोलपिठा’ हा पहिला कवितासंग्रह. पण लघुनियतकालिकांनी, म्हणजे कवी-लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या अंकांनी, त्याआधी कित्येक वर्षं जमीन नांगरून ठेवली होती, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही.

आधी मंच. कविसंमेलनात नवोदिताच्या वाट्याला तीन ते पाच मिनिटं येतात. तीस ओळींची कविता सावकाश म्हटली तर साधारण दोन मिनिटं जातात, तेव्हा दोनच कविता न्या. प्रास्ताविक करू नका. कवितेचा अर्थ आधीच सांगितला की ऐकणारा सैल होतो. धरण्यावर गणित वेगळं. तिथल्या भोंग्यात हळू आवाज आणि लांब वाक्यं विरून जातात, म्हणून आखूड ओळी आणि लोकांना उचलता येईल असं धृपद हवं. शाहिरांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. नाव आणि गाव कवितेच्या आधी तोंडाने सांगा, म्हणजे कुणी चित्रफीत काढली तरी ते आवाजातच राहतं. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीची प्रत जवळ असू द्या. रात्री दहानंतर उघड्यावर तो चालत नाही.

खरी अडचण यापुढे येते. जी कविता मैदान दणाणून सोडते, ती कागदावर बहुतेक वेळा पोकळ निघते, कारण तिथे आवाज नसतो, गर्दी नसते, उरते फक्त घोषणा. ‘गरिबांचं रेशन लुटणाऱ्यांनो’ ही ओळ टाळ्या घेते; वाचणाऱ्याला त्यात दिसत काहीच नाही. तीच गोष्ट रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रापाशी नेऊन बघा: ‘भांडी घासून रेषा गेल्या बोटांच्या / यंत्र म्हणतं, ही बाई तू नव्हेस.’ इथे संताप वाचकाच्या मनात उठतो, कवीला तो ओरडून सांगावा लागत नाही. मंचासाठी एक खर्डा आणि छपाईसाठी दुसरा, असे दोन्ही ठेवायला हरकत नाही. ज्या बाईची ही हकीकत असेल तिला कविता आधी वाचून दाखवा, नाव-गाव बदला. छापून आल्यावर रेशन दुकानदाराला तोंड तिलाच द्यायचं असतं.

नियतकालिकांना एका वेळी तीन-चार कविता पाठवा: युनिकोडमध्ये, एकाच फाइलमध्ये, शेवटी पूर्ण पत्ता आणि फोन. दिवाळी अंकांसाठी जुलैअखेरपर्यंत मजकूर पोचलेला बरा. एकच कविता दोन संपादकांकडे गेली आणि दोघांनीही छापली, तर पुढची दारं बंद होतात. तीन महिने उत्तर नाही आलं, तर आधीच्या संपादकांना कळवून दुसरीकडे द्या.

पन्नास-साठ कविता पक्क्या झाल्या की संग्रहाचा विचार. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे ९६ पानांचे सहा फॉर्म. पहिल्या संग्रहाला एवढं पुरेसं आहे. प्रकाशक पैसे मागत असेल तर किती प्रती छापणार, तुम्हाला किती देणार, मानधन किती टक्के, हे लेखी घ्या. हक्कांचं कलम तर नीट वाचाच. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी’ या एका ओळीवर सही केली, की ही दोन्ही संरक्षणं गेली. कवितेवरचा तुमचा हक्क लिहिल्या क्षणापासून असतोच, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकासाठी असल्यामुळे घाईत छापून वाटलेली पुस्तिका आड येऊ शकते. आधी अटी वाचा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो, रक्कम ५० हजार रुपये. पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याहून कमी लागतं आणि पुस्तक छापलेलंच हवं. मंचावर दहा वर्षं गाजलेले कितीतरी जण फक्त एवढ्यामुळे बाहेर राहतात.

पस्तिशी उलटली म्हणून वाट संपत नाही. नारायण सुर्व्यांचा पहिला संग्रह १९६२ चा, आणि परभणीच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद १९९५ चं.