यूपीएस-इन्व्हर्टरमुळे कामाची खोली तापते? या चुका टाळा

एप्रिल-मे मध्ये आमच्या अकोल्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि त्यात घरून काम असलं की दुपारी कूलर फुल असूनही टेबलाखाली पायाला गरम झळ लागत राहते. मला वाटायचं कूलरच कमी पडतोय. एकदा पडलेलं पेन उचलायला वाकले आणि यूपीएसला, म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याला, हात लागला तर हात ठेववेना. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते, डबा गरम आहे एवढ्यावरून लगेच नवीन घ्यायला धावू नका, तो कधी गरम होतो ते दोन दिवस बघा.

लाइट आल्यावर तीन-चार तासच गरम होत असेल तर ती चार्जिंगची उष्णता आहे, बिघाड नाही. १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी १५ अँपिअरने चार्ज होत असेल तर तिच्यात २०० वॅटच्या वर जातात आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते. इथे चूक जागेची असते. इन्व्हर्टर पॅसेजमध्ये किंवा सावलीतल्या हवेशीर कोपऱ्यात न्या, पश्चिमेचं ऊन येणाऱ्या गॅलरीत नको आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको, ती दमट हवा आत गेली की टर्मिनलला गंज चढतो. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे चार्जिंग करंटचा हाय-लो स्विच असतो, तुमच्याकडे लोडशेडिंग थोडा वेळच असेल तर लो वर ठेवा, हळू चार्ज होईल पण कमी तापेल.

दिवसभर लाइट असतानाही गरमच असेल तर मात्र नीट बघायला हवं. बहुतेक घरांत कारण एकच निघतं, दिसायला बरं दिसत नाही म्हणून यूपीएस कपाटात किंवा टेबलाच्या खणात कोंबलेला असतो, वर राउटर, बाजूला फायलींचा गठ्ठा आणि जाळीवर धुळीचा थर. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा आणि महिन्यातून एकदा बंद करून, प्लग काढून, ब्रशने जाळी साफ करा. दुसरं कारण व्होल्टेज. गावाकडे दुपारी ते नेहमीच्या २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरतं, मग यूपीएस सतत व्होल्टेज वर उचलत बसतो, आतला ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतो आणि तापतो. तिसरं म्हणजे जुनी बॅटरी, एखादा सेल गेला की ती कधी फुल होतच नाही आणि चार्जर करंट देतच राहतो. आणि हो, कोणीतरी सांगितलं म्हणून लॅपटॉपसाठी ऑनलाइन टाइपचा यूपीएस घेतला असेल तर तो चोवीस तास एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी करत असतो, ५०० वॅट लोडला ९० टक्के एफिशियन्सी धरली तरी ५५ वॅट नुसती उष्णता. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे हो, त्याला याची काहीच गरज नाही.

लाइट गेल्यावरच तापत असेल तर लोड बघा. डब्यावर लिहिलेले ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट नव्हे, लहान यूपीएसवर बहुतेकदा ३६० वॅट लिहिलेलं असतं. लेझर प्रिंटर त्यावर कधीच लावू नका, कागदावरची शाई पक्की करणारा रोलर तापवायला तो शेकडो वॅट ओढतो. स्क्वेअर वेव्ह, म्हणजे मेनलाइनसारखी सुरळीत नसलेली वीज देणाऱ्या, इन्व्हर्टरच्या लाइनवर परत यूपीएस जोडणं हीपण नेहमीची चूक, यूपीएसला ती लाइन चांगली वाटत नाही, तो सारखा बॅटरीवर जातो आणि दोन्ही डबे तापतात. दोन्हींपैकी एकच ठेवा.

उष्णतेचा सगळ्यात जास्त मार बॅटरीलाच बसतो. तिचं आयुष्य साधारण २५-२७ डिग्री धरून सांगितलेलं असतं, त्याच्या वर दर दहा डिग्रीला ते जवळपास निम्मं होतं, म्हणून विदर्भात बंद कपाटातली बॅटरी लवकर जाते.

बॅटरी फुगली असेल किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर वाट बघू नका. खोलीत काडी, अगरबत्ती काही पेटवू नका, खिडक्या उघडा, मेन बोर्डावरून त्या लाइनचा एमसीबी (खटका) पाडा आणि मेकॅनिकला बोलवा, टर्मिनल स्वतः खोलू नका. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी पडली तर तो पेट घेतो.

माझ्या टेबलाखाली आता फक्त राउटरचा १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस आहे, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि इन्व्हर्टर जिन्याखाली गेलाय. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीचे फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दांड्या) बघते, लाल खुणेकडे उतरले की डिस्टिल्ड वॉटर घालते, नळाचं नाही.