सुट्टीत निवांत लिहू म्हणता? आधी या चुका टाळा

नोकरी, शेती, घर सांभाळून लिहिणारी माणसं आपल्या खान्देशात भरपूर आहेत. २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून तर त्यांची संख्या आणखी वाढली. दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की मात्र सगळ्यांची रडगाणी तीच असतात, आणि चुकाही त्याच.

मोठ्या सुट्टीची वाट बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माझा एक मित्र अमळनेरहून जळगावला रोज अप-डाऊन करतो. डोक्यात कादंबरी, गाडीत पत्ते. "मे महिन्यात रजा टाकतो अन् एका दमात उडवतो," हे पालुपद. वर्षभरात कागदावर एक ओळ आली नाही. शेवटी रजा मंजूर झाली. गड्यानं वरच्या खोलीत टेबल मांडलं, कूलरला नवा वाळा भरला, कागदाचं अख्खं रिम आणलं. पहिल्याच सकाळी खालून आईची हाक: "तू ते घरमाच शे ना? मंग दयन लई ये!" म्हणजे, दळण घेऊन ये.

घरात दिसणारा माणूस रिकामाच असतो, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या. खापरावरच्या पुरणपोळ्या, वर वाट्या भरभरून आमरस; त्यानंतर कोण लिहितं? मग लग्नसराई. एकाच तिथीला तीन पत्रिका, आणि नाही गेलं तर भाऊबंदकीत नाव निघतं. दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात, पत्र्याखालची ती खोली म्हणजे भट्टी. रजा संपली तेव्हा त्याच्याकडे नायकाचं नाव होतं. तेही दोनदा बदललेलं.

पुढे तोच गडी गाडीत लिहायला लागला. पत्त्यांचा डबा सोडून शेजारच्या डब्यात बसायचं, एवढाच बदल. धरणगाव येईपर्यंत एक परिच्छेद, जागा मिळाली नाही तर उभ्यानं दोन वाक्यं. कादंबरी अशीच पुढे सरकली.

माझी रीत म्हणाल तर पहाटेचा पहिला चहा ते पेपर येणं, एवढाच वेळ. फोन दुसऱ्या खोलीत. आणि उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडतो. दुसऱ्या दिवशी पेन घेऊन आढ्याकडे बघत बसावं लागत नाही.

'लक्षात राहील' म्हणून सोडून देणं

नाही राहत. इथं हमखास कुणीतरी बहिणाबाईंचं नाव घेतं: "त्यांनी कुठं वेळ काढला? जात्यावर, शेतात गाणी सुचली!" खरं आहे. पण त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि आपल्यापर्यंत जे पोचलं ते मुलानं, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं उतरवून ठेवलं म्हणून. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये, तीही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना वही दाखवली म्हणून. जे कुणी उतरवलं नाही ते त्यांच्याबरोबरच गेलं. तुमच्यामागे वही घेऊन कोण फिरतंय?

खिशात चार घड्या घातलेला कागद ठेवा. फोनवर बोलून ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ते रेकॉर्डिंग परत ऐकणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. कागद मात्र धुण्याआधी बायको खिशातून काढते आणि समोर आपटते, तेव्हा वाचावाच लागतो.

चुकीचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणं

दुसरं लाडकं नाव चाळीसगावच्या केकी मूसांचं. वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर न पडता त्यांनी फोटोग्राफी केली. थोर माणूस! पण तुम्हाला दोन मुलं आहेत, आणि सिलिंडरचा नंबर लावायचाय.

घरच्यांना गृहीत धरणं

"घरात शांतता मिळत नाही" ही तक्रार मी बहुतेक पुरुषांकडूनच ऐकली आहे, आणि तीही ज्यांचा चहा टेबलावर येतो त्यांच्याकडून. ज्या बाया लिहितात त्या कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितात. आधी दळण आणा, भाजी निवडा, मग दार लावून बसा. त्यानंतर कुणी दार वाजवलं तर रागवायचा हक्क तुमचा.

आणखी काही, थोडक्यात

वेळेचं नियोजन करणारी ॲप: ती भरण्यातच वेळ जातो.

जागरण: नाटकाच्या तालमींत चालतं, रोजचं धकत नाही. सकाळी ऑफिसात बेरजा चुकतात.

कविता झाल्या झाल्या ग्रुपवर टाकणं: चार अंगठे आले की ती परत वाचावीशी वाटत नाही. आठवडाभर वहीत पडू द्या. नवशिक्यांना हे पटत नाही. त्यांना सकाळी लिहिलेलं संध्याकाळी छापून हवं असतं.

आणि घरात आजारपण असलं किंवा कापूस वेचणीची घाई असली, की नवीन काही लिहायला जाऊच नका. त्या दिवसांत मागचं एक पान सुवाच्य अक्षरात उतरवून काढा. उतरवताना एखादा शब्द खटकतोच, मग तो बदलावा लागतो, आणि त्या नादात पुढची ओळही कधीकधी पडते.