बेसिनखालच्या सागवानी कपाटाला नवं पॉलिश: काम काढण्याआधीची तयारी

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत पॉलिश सुकता सुकता दुधाळ पडतं, आणि पाणी प्यायलेलं लाकूड कितीही घासलं तरी नीट लागत नाही. दिवाळी ते होळी हे कोरडे दिवस उत्तम.

कपाट अस्सल सागाचं आहे की प्लायवर चिकटवलेल्या व्हिनिअरचं, ते दाराच्या कडेवर बघा. अस्सल फळीच्या रेषा कडेवरून वळून पुढे जातात. व्हिनिअरचा पापुद्रा वेगळा दिसतो. हा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे तिथे 180 नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने, आणि मशीन अजिबात नको. अस्सल सागाला 120, मग 180, शेवटी 220. नेहमी रेषांच्या दिशेने. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल आणि फुगला असेल तर ती फळी सरळ बदला.

अँगल कॉक (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करून, खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप (बेसिनच्या सांडपाण्याच्या नळीवरचं बाटलीसारखं भांडं) सोडवा. दारं, कप्पे, हँडल काढा; प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून. सांधे बंद करायला लावलेलं जुनं सिलिकॉन पट्टीने खरवडून पूर्ण काढा. त्याचा अंश राहिला तर पॉलिश तिथे धरत नाही, बारीक खड्डे पडतात. साबणाचा थर धुऊन कपाट दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशी कपाटं दर्शनी बाजूने खराब होत नाहीत. पाणी शिरतं ते बेसिनच्या भोकाच्या कडेतून, पायांच्या तळातून आणि मागून. फळीचं आडवं कापलेलं टोक म्हणजे उघड्या नळ्यांची जुडी, ते पाणी ओढून घेतं. पॉलिशवाले नेमक्या याच कडा सोडून देतात, कारण त्या कुणाला दिसत नाहीत. तुम्ही सोडू नका. टॉर्च लावून काळी पडलेली जागा शोधा, पेचकस टोचून बघा. मऊ लागलं तर आधी सुतार बोलवा. पॉलिश घेताना या कडांच्या जास्तीच्या दोन हातांचा (थरांचा) हिशेब धरा.

चपड्याचं (लाखेचं) पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. इथे दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) घ्या; त्यातला दुसरा भाग म्हणजे पॉलिश घट्ट करणारा हार्डनर. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि त्या दिवशी लागेल तेवढंच कालवा. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून पहिल्या हाताच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं.

हे सगळं शक्यतो गॅलरीत करा. बाथरूममध्येच करावं लागलं तर गॅस गीझर बंद हवाच, सिलिंडरसकट. थिनरची वाफ पेट घेते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याला कापडी मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क आणा.

हाताला कोरडं लागलं तरी पीयू पक्कं व्हायला आठवडा जातो. तेवढे दिवस तोंड धुण्याची सोय दुसरीकडे करून ठेवा, आणि त्याच वेळात ट्रॅपचा जुना वॉशर बदलून घ्या.