पऱ्याच्या वाटेने राईपर्यंत

मुंबईची पोरं गणपतीला आली की दुसऱ्या दिवशी जेवणं आटपल्यावर विचारतातच, "काकी, फिरायला कुठे जाऊ?" मी त्यांना पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या, वाटेला लावते. साकवापासून, म्हणजे वाशांच्या छोट्या पुलापासून, वर देवराईपर्यंत अर्धा तास. बघत बघत गेलात तर दीड.

आषाढात मात्र जायचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. गणपती ते दिवाळी पाणी नितळ असतं. तेव्हाही लक्ष ठेवा, खाली ऊन असलं तरी वर घाटात पाऊस लागलेला असतो. पाणी तांबूस झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या की लगेच काठ चढायचा. माझा भाचा तेवढ्यात चप्पल शोधत बसला. चप्पल गेलीच, त्याला दंडाला धरून वर ओढावा लागला.

काळा तुळतुळीत कातळ दिसला तर त्यावर पाय ठेवू नका, शेवाळ असतं. उड्या मारण्यापेक्षा सरळ पाण्यात, वाळूत पाय घाला. भिजेना का! गमबूट नकोत, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. तोल गेला म्हणून फांदीही धरायची नाही. हिरवा चापडा, विषारी साप तो, फांदीवर असा बसतो की पानच वाटतो. म्हणून हातात काठी. जळू लागली तर ओढू नका, नखाने तिची कड सोडवा.

मधे मातीची उभी दरड लागते, तिथे बोलणं बंद. तिथे तिबोटी खंड्या असतो. चिमणीएवढा जीव, पोट पिवळं, चोच लालभडक. रायगडवाल्यांनी त्याला आपला जिल्हा पक्षी केलाय. करोत बापडे, येतो तो आमच्याकडेही. पावसाच्या तोंडावर येऊन दरडीत आडवं बीळ कोरतो. आधी बारीक 'ची' ऐकू येते, मग पाण्यालगत निळं-जांभळं काहीतरी सपकन जातं. बिळासमोर मोबाईल धरून उभे राहिलात तर तो चोचीत खाऊ घेऊन फांदीवर ताटकळत राहतो. दहा पावलं मागे व्हा.

राईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. देवाची आहे. बसा, लाडू खा, कागद खिशात ठेवा.

परतताना साकवावरून एकेकटेच या. डावीकडचा तिसरा वासा हलतो.