खाली बसवलेली गाडी रोज चालवताना दणके कमी कसे करायचे

लोअर केलेली गाडी कडक लागणारच, असं धरून चालायचं कारण नाही. खड्ड्यात पाठीला जो दणका बसतो तो बऱ्याचदा स्प्रिंगचा नसतोच. चाकाला वर जायला जागा उरलेली नसते, शॉकअपच्या दांड्यावरचा बम्प स्टॉप (चाल अडवणारा मऊ ठोकळा, पुढे त्यालाच स्टॉपर म्हटलं आहे) पूर्ण दाबला जातो आणि उरलेला मार थेट बॉडीला लागतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी जागा किती उरली आहे ते मोजा.

इथे उदाहरण म्हणून चाकणला बनलेली पोलो घेतली आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई). स्विफ्टची मांडणीही अशीच आहे, त्यामुळे पद्धत तिलाही लागू पडते.

जागा मोजणे

गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या स्ट्रटपर्यंत हात पोहोचतो. दांड्यावरचं धुळीचं रबर वर सरकवा आणि शॉकअपच्या नळीचा वरचा काठ ते बम्प स्टॉपचं खालचं टोक हे अंतर पट्टीने मोजा. ४० ते ५० मिमी असेल तर रोजच्या वापराला चालतं. २५ मिमीपेक्षा कमी असेल तर गाडी स्प्रिंगवर कमी आणि स्टॉपरवर जास्त चालते आहे.

आता दांड्याला एक बारीक केबल टाय बांधा, बोटाने सरकेल इतपतच घट्ट, आणि नळीला टेकवून ठेवा. रोजच्या रस्त्यावर दहा-एक किलोमीटर चालवून या. टाय स्टॉपरपर्यंत ढकलला गेला असेल किंवा त्यात रुतला असेल तर निदान झालं. चारही कोपऱ्यांवर हेच करा. दांड्याला पकड मात्र लावू नका. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरा पडला की सील फाटतं आणि तेल गळायला लागतं.

खाली जाण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजा, मग जॅकने उचलून चाक लोंबकळू द्या आणि परत मोजा. फरक ३० मिमीच्या आत असेल तर चाक खड्ड्याचा तळ गाठू शकत नाही, गाडीच त्यात धाडकन पडते. साधारण हिशोब असा: शॉकअपच्या एकूण चालीतला एक भाग खाली, दोन भाग वर.

आधी फुकटातली कामं

हवा थंड टायरमध्ये तपासा आणि दारावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. पंपावर न विचारता ३५-३६ भरून देतात, तिथे दोन-चार पीएसआय जास्त झाले तरी बारीक खडखड लगेच वाढते. स्टिकरपेक्षा कमी मात्र करू नका. पातळ साइडवॉलच्या (रिम ते रस्ता यांमधल्या टायरच्या बाजूच्या) टायरमध्ये हवा कमी पडली की खड्ड्याच्या काठावर टायर चिमटला जातो आणि रिम वाकते.

दुसरं काम बुशांचं (सांध्यांमधल्या रबरी नळ्यांचं), आणि हे हमखास राहून जातं. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि मागच्या बीमच्या बुशमध्ये रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट जुन्या उंचीवर आवळलेला असेल आणि गाडी ४० मिमी खाली आली, तर ते रबर कायम पिळलेलं राहतं. पिळलेलं रबर हीसुद्धा एक स्प्रिंगच. ते कडकपणा वाढवतं आणि लवकर फाटतं. उपाय सोपा आहे: बोल्ट ढिले करा, गाडीचं वजन चाकांवर आणा (फोर-पोस्ट लिफ्टवर, किंवा आर्मच्या चाकाकडच्या टोकाशी, बॉल जॉइंटजवळ जॅक लावून आर्म मघाशी मोजलेल्या फेंडरच्या अंतरापर्यंत वर घेऊन), दोन-तीन वेळा गाडी दाबून हलवा आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. जिथे टॉर्कनंतर आणखी ९०° फिरवायला सांगितलेलं असतं तिथे बोल्ट नवेच वापरा. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, स्टँड लावा.

टायर

पोलोचा मूळचा १८५/६० आर१५ टायर घ्या: साइडवॉल १११ मिमी (१८५ मिमी रुंदीच्या ६० टक्के). त्याच घेराचा २१५/४० आर१७ लावला की ती ८६ मिमी उरते. २५ मिमी हवेची गादी गेली, ती कुठलाही शॉकअप परत देत नाही. १७ इंची व्हील ठेवून आराम शोधणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा. १५ वर परत येणं जिवावर येत असेल तर १९५/५० आर१६ हा मधला रस्ता, साइडवॉल ९७.५ मिमी.

कॉइलओव्हर असेल तर

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड. उंची १० ते १५ मिमी वर घ्या. दिसण्यात फरक जेमतेम कळतो, चालण्यात खूप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीबोळातले तेवढेच उंच पण कितीतरी आखूड असतात. १६५ मिमी क्लिअरन्सची गाडी ४० मिमी खाली आणली की १२५ उरतात, त्यात चार माणसं बसली की पोट घासणारच.

कॉइलओव्हरला खाली वेगळा ब्रॅकेट असेल तर उंची त्याने बदला आणि स्प्रिंगखालच्या रिंगने फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली असेल ते). रिंग ५ मिमी वर घेतली की वरची जागा ५ मिमी वाढते आणि खालची ५ ने घटते. ब्रॅकेटने उंची बदलली तर शॉकअपच्या चालीत फरक पडत नाही, पण टायर फेंडरला लागतो का ते स्टीअरिंग वळवून, गाडी भरून बघा.

शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे क्लिक पूर्ण कडकपासून पूर्ण मऊपर्यंत मोजून लिहून ठेवा. पूर्ण मऊपासून चार क्लिक वर सुरुवात करा, डावी-उजवी सारखी. गतिरोधकानंतर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डोलत असेल तर दोन क्लिक वाढवा. पेव्हर ब्लॉकवर दात वाजत असतील तर दोन कमी करा. एकाच नॉबचे शॉकअप मुख्यतः परत उघडण्याचा वेग आवरतात. ते फार कडक केले की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली येण्याआधीच पुढचा दणका बसतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी स्टॉपरवर आपटते. लोक ते ‘मऊ पडलं’ समजून आणखी कडक करतात.

स्प्रिंग बदलायची वेळ

एका पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंगला ३०० किलो पेलायचे आहेत असं धरू. ८के, म्हणजे ८ किलो प्रति मिमीची स्प्रिंग ३७.५ मिमी दबते आणि गाडी सेकंदाला साधारण २.६ वेळा डोलते. ५के लावली तर ६० मिमी आणि २ वेळा. ४के ला ७५ मिमी आणि १.८. नेहमीच्या घरगुती गाड्या १ ते १.५ च्या आसपास असतात. शहरासाठी ४ ते ५के पुरे. मात्र मऊ स्प्रिंग जास्त दबते, म्हणून तिला वर जायला जागाही जास्त लागते; उंची तीच ठेवून नुसती स्प्रिंग बदलली तर दणके वाढतील. आतला व्यास (६०, ६२, ६५ मिमी असे येतात) मोजूनच मागवा. स्ट्रटचं वरचं नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कधीही सोडू नका.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग मूळ शॉकअपवर लावल्या असतील तर आखूड दांड्याचे शॉकअप घ्या. बिल्स्टाइन बी८ नेमके खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेले आहेत. बी६ मूळ उंचीसाठी, दोघांत गल्लत करू नका. स्टॉपर कापायचा तर स्प्रिंगच्या सूचनेत दिलेल्या मापाइतकाच, आणि निमुळतं मऊ टोक राखून. पूर्ण काढला तर पिस्टन थेट आपटून शॉकअप जातो.

कापलेल्या स्प्रिंगला मात्र उपाय नाही. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की ती २० टक्के कडक होते, जागा घटते आणि चाक लोंबकळलं की ती बैठकीतून निसटू शकते. गॅसने तापवून बसवलेली तर पोलादाचं पाणीच घालवून बसते. अशी गाडी चालवू नका, आधी मूळ स्प्रिंग बसवा.

उंचीत कुठलाही बदल झाला की अलाइनमेंट करा. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला राहिला तर टायर आतल्या काठाने खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही परत लावून घ्या. स्टीअरिंग वळवताना वरून टक्-टक् येत असेल तर स्ट्रट माउंटचं (स्ट्रट बॉडीला जोडणाऱ्या वरच्या भागाचं) बेअरिंग बघा, आणि लोखंडी पिलोबॉल माउंट (रबराऐवजी लोखंडी गोळ्याचा सांधा) असेल तर किटमध्ये बसत असल्यास रबरी माउंट लावा. बारीक खडखडीचा मोठा भाग तिथेच थांबतो.