बाळाला जुलाब-उलट्या होताना अंगावरचं दूध : या चुका टाळा

ऐन उन्हाळ्यात आणि मग पुन्हा पहिल्या पावसात सोलापुरात घरोघरी पोटं बिघडतात. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते पिंपात, बॅरलमध्ये, हौदात साठवलं जातं आणि त्यात दिवसभर तांबे आणि हात बुडत राहतात. वरून ४२-४३ अंशांचं ऊन. मोठं माणूस दोन दिवस पडून राहून उठतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तसं नसतं, एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता कमी होतं. आणि नेमकं त्याच वेळी घरातलं कुणी वडीलधारं सांगतं, "दूध बाधलंय गं त्याला. दोन दिवस पाजू नको."

सांगणारीच्या मनात मायाच असते, यात शंका नाही. घरात तेलुगू बोलत असोत, कन्नड असोत की मराठी, हा सल्ला मात्र सारखाच ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच निघतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दूध बंद करणं

बाळाला जुलाब होतात ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे. रोटाव्हायरस हा त्यातला सगळ्यात माहितीचा. तो हातांवरून, पाण्यातून, खेळण्यांवरून तोंडात जातो. आईने काल काय खाल्लं, ती उन्हातून आली का, तिचं दूध "उष्ण" झालं का, याचा या जुलाबांशी संबंध नसतो. उलट त्या दुधात बाळाला हवं ते पाणी असतं, क्षार असतात, साखर असते, आणि आतड्याच्या आतल्या बाजूला जंतूंना चिकटू न देणारी प्रतिद्रव्यंही असतात. आईचं दूध पोटातून लवकर पुढे सरकतं. त्यामुळे बाळाने पाजल्यानंतर थोड्या वेळाने उलटी केली तरी काही दूध अंगी लागलेलं असतं.

दूध तोडलं की काय होतं ते बघा. बाळाला पाणी मिळेनासं होतं. उपाशी पोटी शी हिरवट, चिकट, थोडी थोडी होऊ लागते आणि घरच्यांना वाटतं, आजार वाढला. इकडे आईची छाती दगडासारखी भरते, ठणकते आणि बाळ ओढत नाही म्हणून दोन-तीन दिवसांत दूध कमी व्हायला लागतं. मग "दूध आटलं" म्हणून पावडरचा डबा घरात येतो. ती पावडर त्याच बॅरलच्या पाण्यात कालवली जाते, बाटलीत भरली जाते, बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही, आणि बाळ पुन्हा आजारी पडतं. भारतात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडर-दुधाची आणि दूधबाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगाच नाही.

तेव्हा जुलाबात पाजणं कमी करायचं नाही, वाढवायचं. एरवी अडीच-तीन तासांनी पाजत असाल तर आता दीड-दोन तासांनी पदराखाली घ्या, रात्रीसुद्धा. आजारी बाळ एका वेळी कमी ओढतं, लवकर दमतं. म्हणून थोडं थोडं आणि वारंवार.

शी तपासून कुणी "दुधातली साखर पचत नाही, लॅक्टोज नसलेली पावडर द्या" असं सांगितलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. जुलाबानंतर आतड्याचं अस्तर काही दिवस दुखावलेलं असतं, ते आपोआप भरून येतं. तेवढ्यासाठी अंगावरचं दूध सोडायची वेळ सहसा येत नाही.

जे जुलाब नाहीत त्यांना जुलाब समजणं

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, राईच्या दाण्यांसारखी बारीक कणी असलेली असते. ती दिवसातून सात-आठ वेळा, अगदी प्रत्येक पाजण्यानंतर झाली तरी चालते. बाळ हसतंय, ओढून पितंय, लघवी भरपूर करतंय, वजन वाढतंय, तर काही करू नका. एरवीपेक्षा अचानक शी जास्त वेळा, निव्वळ पाण्यासारखी, दुर्गंधी येणारी किंवा रक्ताची झाली, तर ते जुलाब.

उलटी झाल्या झाल्या पुन्हा पाजणं, किंवा घाबरून पाजणंच थांबवणं

या दोन्ही टोकांच्या मधला रस्ता सोपा आहे, पण तो हाताने दाखवल्याशिवाय पटत नाही. बाळाने उलटी केली की त्याला कुशीवर वळवा, तोंड पुसा, कपडे बदला. दहा मिनिटं जाऊ द्या. बाळ खांद्यावर असलं तरी चालेल, पण उगाच हलवू-झोके देऊ नका. मग छातीला लावा आणि दोन-तीन मिनिटांत थांबा. पाच मिनिटं थांबून पुन्हा. भरलेल्या छातीतून दूध जोरात येत असेल तर आधी हाताने थोडं पिळून वाटीत काढा, म्हणजे बाळाला ठसका लागत नाही आणि पोट एकदम भरत नाही. वाटीतलं ते दूध नंतर चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पिळलेलं दूध फ्रीजबाहेर फार वेळ ठेवू नका, होता होईल तो लगेच द्या.

बाळ ओढतच नाही, इतकं मरगळलंय, असं दिसलं तर मात्र घरी प्रयोग करत बसू नका. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

आईचंच पोट बिघडलं म्हणून बाळाला दूर ठेवणं

कुठल्या लग्नातलं जेवण बाधलं, घरात गॅस्ट्रो शिरला, आणि आईलाच हगवण लागली, की तिला वाटतं आपला आजार दुधातून बाळाला जाईल. नेहमीच्या जुलाब-उलट्यांचे जंतू आईच्या आतड्यात असतात, ते दुधात उतरत नाहीत. दुधात उतरतात त्या आजाराशी लढणाऱ्या गोष्टी. ज्या जंतूने आईला आडवं केलंय, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं तिच्या दुधातून बाळाला मिळत असतात, आणि बाळाला ती हवीच असतात, कारण तुमचा जंतू घरात पसरून बसलेला आहे.

तो बाळापर्यंत जातो तो तुमच्या हातांवरून. संडासातून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, आणि पाजायला घेण्याआधी साबणाने हात धुवा. बोटांच्या मधल्या जागा, नखं, अंगठा, सगळं घासून. नुसत्या पाण्याने खळबळून भागत नाही. बाळाची शी "निर्मळ" समजून गटारात टाकू नका, संडासात टाका. तीही तेवढीच संसर्गाची असते.

आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायांसाठी इथे थोडं जास्त लिहिते. मांडीवर सूप, पत्र्याच्या साच्यावर कापलेली पानं, बाजूला तंबाखू. शेजारी झोळीत बाळ रडतं, आणि सूप बाजूला सारून त्याच हातांनी बाळाला छातीला घेतलं जातं. तंबाखूची पूड नखांत असते, पदरावर असते, छातीवर उडालेली असते. बाळाच्या तोंडात ती जाते. पाजण्याआधी हात साबणाने धुणं आणि छाती ओल्या फडक्याने पुसणं एवढं जरी रोज झालं तरी खूप फरक पडेल. हिशोबाचा माल पुरा करायची घाई मला माहीत आहे, पण या दोन मिनिटांनी माल कमी पडत नाही.

आईने स्वतः काय घ्यायचं? ओआरएस, ताक, पेज, वरणाचं पाणी, मऊ खिचडी, भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून. पाणी कमी पडलं की दूध एखाद-दोन दिवस कमी वाटतं. पाणी भरून निघालं आणि बाळ ओढत राहिलं की ते परत येतं. औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य हे सांगा : "मी बाळाला अंगावर पाजते." त्यांना त्यावरून औषध निवडायचं असतं. दुधावर चालणारी औषधं बहुतेक वेळा मिळतात, म्हणून दूध तोडायला सांगितलंच, तर दुसरं औषध आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

ओआरएस चुकीचं कालवणं

मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. मोठं पाकीट एका ग्लासात ओतलं तर मिठाचं प्रमाण भलतं वाढतं, आणि लहान बाळाला त्याचा धोका असतो. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही करू नका, अंदाजाने प्रमाण चुकतं. पाण्याची एक लिटरची बाटली मापाला घ्या, पाणी खळखळ उकळून झाकून गार करा, त्यात पूर्ण पाकीट टाका. वरून साखर, मीठ, लिंबू, काही नको. कालवलेलं २४ तासांनी उरलं तर फेका.

दोन महिन्यांपुढच्या आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने द्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साधारण पाच चमचे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. अनेक आया विचारतात की सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नसतं, मग हे कसं चालतं? जुलाबात ओआरएस हे औषध म्हणून द्यायचं असतं, आणि ते दुधाच्या जोडीला, दुधाच्या जागी नाही. बाटलीने मात्र देऊ नका.

दुकानातलं गोड सरबत ओआरएस म्हणून आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात "ओआरएस" लिहायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) मनाई केली, तरी पाकिटावर तेच सूत्र लिहिलेलं आहे ना, हे बघूनच घ्या. आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात.

"सलाईन लावा" म्हणून हट्ट करणं

सलाईन लावलं की उपचार झाला, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. बाळ जागं आहे, चोखतंय, चमच्याने घेतंय, तर तोंडाने दिलेलं पुरतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. आज आपण जे पाकीट फाडतो त्याच्यामागे ते काम आहे. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या बाळाला अर्ध्या करून देणं, हे तर कधीच करू नका. आतडं थांबतं, आजार आतच राहतो आणि जिवावर बेतू शकतं. प्रतिजैविकंही मनाने नकोत. विषाणूच्या जुलाबांवर ती चालत नाहीत.

घुटी, मध, बिब्बा, डाग

जुलाबात घुटी उगाळून देऊ नका. सहाण आणि पाणी किती स्वच्छ आहे, कुणास ठाऊक. मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूसुद्धा नका. पोटावर बिब्बा घालणं, डाग देणं यांनी बाळाला जखम होते आणि दवाखान्याला उशीर होतो. "टाळू बसली" म्हणून तेल भरत राहणं हीसुद्धा मोठी चूक आहे. टाळू आत जाते ती पाणी कमी झाल्यामुळे. तेलाने ती वर येत नाही, आणि ती धोक्याची खूण असते. "दात येतायत, म्हणून होतंय" हे कारणही धरून बसू नका.

वाट बघत बसणं

बाळाच्या पोटाची त्वचा बेंबी आणि कुशीच्या मध्ये चिमटीत धरा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी उभी राहिली तर पाणी धोकादायक कमी झालंय. याशिवाय डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, सहा तासांत लघवी नाही, बाळ सुस्त झालं, छातीला लावून ओढत नाही, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, झटके, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यातलं एकही दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका. १०८ ला फोन करा, किंवा छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, नाहीतर जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठा. जाताना रिक्षातही चमच्याने ओआरएस देत राहा, बाळ ओढत असेल तर पाजत राहा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतात, तेव्हा पैशांपायी उशीर नको.

जुलाब थांबले म्हणून झिंक बंद करणं

जुलाबात ओआरएसच्या जोडीला दिलं जाणारं झिंक १४ दिवस द्यायचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धी. सहा महिन्यांपुढे पूर्ण. चमचाभर पिळलेल्या दुधात गोळी विरघळवा. चव तुरट लागते, बाळ तोंड वाकडं करतं, काही बाळं उलटीही काढतात. तसं झालं तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला दुधासोबत खाऊही चालू ठेवा. तुपाची धार घातलेला मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं, घरचं ताजं दही, जोंधळ्याच्या कण्या शिजवून. तिखट शेंगाचटणी सध्या नकोच. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, गेलेलं वजन भरून निघतं. आणि रोटाव्हायरसचा डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतो. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर तो राहून गेला असेल तर पुढच्या लसीच्या दिवशी कार्ड घेऊन जा आणि आता तो देता येईल का, ते तिथल्या सिस्टरना विचारा.