सातारकरांनो, हेदवीची बामणघळ बघायला जाताना या चुका टाळा

आपण घाटावरची माणसं, कड्याची भीती आपल्याला फारशी नसते. अजिंक्यतारा, सज्जनगड, महाबळेश्वरचा नीडल होल पॉइंट हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. पण तीच सवय घेऊन आपण कोकणात समुद्राच्या कातळावर उतरतो आणि तिथंच चुकतं, कारण आपला कडा सकाळी असतो तसाच संध्याकाळी असतो, आणि तिकडं सकाळी कोरडा दिसलेला कातळ दुपारी पाण्याखाली असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरतीची वेळ न बघता निघणं. पहाटे निघायचं, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर करत हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन, मग जेवण, मग बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या कातळातली अरुंद चीर. आम्हीपण तसंच केलं, तेही चतुर्थीला, आणि घळीपाशी पोचलो तीन वाजता. आता जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चारची पाऊणपट तीन, म्हणजे आम्ही बरोबर पूर्ण भरतीला तिथं. वद्य पक्षातपण प्रतिपदेपासून परत एक धरूनच मोजायचं, आणि ओहोटी साधारण सहा तास पुढंमागं. हा अंदाज आहे हं, त्यामुळं मोबाइलवर टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघा आणि गावातल्या माणसाला विचारा, तो सांगेल ते खरं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं.

अडचण अशी आहे की घळ बघण्यासारखी असते तीच मुळात भरतीला. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ लाटांनी कातळ कापून ही अरुंद चीर केलीय, भरतीचं पाणी जोरात आत शिरतं, पुढं वाट बंद, मग ते सरळ वर उडतं. ते फवारे बघून माणूस नकळत पुढं पुढं सरकतो. माझा मावसभाऊ सेल्फीसाठी समुद्राकडं पाठ करून उभा राहिला, चार-पाच लाटा लहान आल्या म्हणून आम्हीपण काही बोललो नाही, आणि पुढची आली ती त्याला आडवा करूनच गेली. घळीच्या उलट्या बाजूला पडला म्हणून वाचला, दोन्ही गुडघे सोलले. मला अजून ते आठवलं की धस्स होतं. म्हणून सांगतो, आधी लांब थांबून पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा, कातळ जिथवर ओला आहे तिथवर लाट येते, उभं राहायचं ते कोरड्यावर आणि तेही दोन पावलं मागं. पावसाळ्यात तर खाली जाऊच नका.

ओहोटीला घळीत उतरणं हीपण चूकच. शेवाळावर पाय टिकत नाही, वर चढायला वेळ लागतो आणि पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. गुळगुळीत चप्पल नको, ग्रिपवाले बूट घाला. कातळाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, लागलंच तर जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, आत शिंपल्याचा तुकडा राहिलाय का बघा.

अंदमानला नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, आपल्याकडची बरीच मंडळी जातात, तिथल्या दगडी कमानीला मात्र ओहोटीलाच जायचं असतं. कमान म्हणजे लाटांनी कातळ आरपार खाऊन झालेलं भोक, आणि ते खाणं अजून चालूच असतं. माल्टातली ॲझुर विंडो नावाची प्रसिद्ध कमान 8 मार्च 2017 ला वादळात अख्खी कोसळली. तेव्हा कमानीवर चढायचं नाही, खाली रेंगाळायचं नाही.

आणि अडकलातच, तर पाण्यातून परत यायची घाई करू नका, जितकं उंच जाता येईल तितकं जा आणि 112 ला फोन लावा. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, ओढणी, रिकामा झाकणबंद कॅन, तरंगणारं जे हाताशी असेल ते फेका. पडलेल्यानं कातळ पकडायला धडपडू नये, लाट त्याच कातळावर आपटते, त्यापेक्षा जरा लांब सरकून पाठीवर तरंगत राहावं. आम्ही आता गाडीत डिकीत वीस मीटर दोरी ठेवतो.